वाटणीचं इंजेक्शन

आमच्या ह्यांना आणि भाऊजींना मिळून एकच डोकं आहे आणि तेही आळीपाळीने वापरतात, असं मी लग्न झाल्यापासून म्हणत आले. दोघांचं फ्रेमांचं दुकान. वाचायचा चष्मासुद्धा दुकानात एकच. ह्यांची काच कापून झाली की तो भाऊजींच्या नाकावर, मग ते लाकडाचा कोपरा जुळवणार. "अहो, दुसरा घ्या की, काय मेलं एवढं!" म्हटलं, तर हे म्हणायचे, "दोघांना एकदम बघायचंय कशाला?" मधुमेहही दोघांना पाठोपाठच लागला. भाऊजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्यांचं पथ्यपाणीही माझ्याच गळ्यात.

मग ह्यांच्या हृदयात स्टेंट टाकावा लागला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, मधुमेह असलेल्या माणसाला हृदयाचा धोका आधीच जास्त, त्यात कोलेस्टेरॉल वाढलेलं अजिबात चालायचं नाही. त्यासाठीच्या गोळ्यांनी ह्यांचे पाय इतके दुखायचे की जिना चढताना रडकुंडीला यायचे. दोन-तीन प्रकार बदलून पाहिले, तीच रड. शेवटी इंजेक्शन लिहून दिलं. जाडसर पेनासारखं, पंधरा दिवसांनी एक, मांडीत नाहीतर पोटावर आपलं आपण टोचायचं. फ्रिजमध्ये ठेवायचं आणि घ्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढायचं.

"दुकानात जाऊन टोचतो," हे म्हणायचे. "तोवर गारठा जातो त्याचा." ठरल्या दिवशी पेन फ्रिजमधून निघायचं, ह्यांच्या खिशात जायचं, मी दारातून बघायची. झालं, माझं समाधान.

पण कोलेस्टेरॉल काही म्हणावं तसं उतरेना. डॉक्टरीणबाई रिपोर्ट उलटसुलट करून म्हणाल्या, "मधले डोस चुकत तर नाहीत ना?"

"चुकतील कसे? मी बसलेय ना!" मी फणकारले.

घरी येऊन सगळा राग ह्यांच्यावर काढला. लोणी बंद केलं, बिस्किटांसाठी खिसे तपासले, चोरून कुठे काय खाता ते सांगा म्हणून हात धुऊन मागे लागले. एरवी एका शब्दाला चार शब्द ऐकवणारा माणूस, तेव्हा मात्र मुकाट्याने सगळं ऐकून घेत होता.

पुढे एकदा भर दुपारी दुकानात फ्रेम उचलता उचलता हे खाली बसले ते उठलेच नाहीत. भाऊजींनीच दवाखान्यात आणलं. जीव वाचला, पण हृदय निम्म्याहून जास्त दमलंय, असं सांगितलं.

बाहेरच्या बाकावर भाऊजी माझ्या शेजारी येऊन बसले. हातात तो चष्मा होता. बराच वेळ पुसत राहिले.

"वहिनी, दादा एक इंजेक्शन स्वतः घ्यायचा आणि पुढचं मला टोचायचा."

मला कळेचना. "तुम्हाला? तुम्हाला कुणी लिहून दिलं होतं?"

"कुणी नाही. एकदा दुकानात माझ्या छातीत जळजळलं. दादा म्हणाला, बाबा असेच गेले, तू डॉक्टरकडे जायचं नाव काढत नाहीस, कर शर्ट वर. मी म्हटलं, अरे, हे तुझं आहे. तर म्हणतो, आजवर कुठली गोष्ट एकट्याने घेतलीय मी?"

"आणि तुम्ही घेतलंत?"

"वहिनी..." त्यांनी मान खाली घातली. "मी डॉक्टरकडे जात होतो. माझ्या गोळ्या चालू होत्या, मला त्या सोसतही होत्या. कोलेस्टेरॉल ठीक होतं. ती जळजळ नुसतं पित्त होतं."

"मग बोलायला काय तोंड शिवलं होतं?"

"दादाने काळजी करकरून जीव घेतला असता, म्हणून आधी लपवलं. आणि नंतर... तो टोचून झाल्यावर फुंकर घालायचा हो, लहानपणी घालायचा तशी. नाही म्हणवेना."

अस्सा राग आला! वाटलं, एक ठेवून द्यावी. पण तो पन्नाशी उलटलेला माणूस ओंजळीत तोंड घालून हुंदके देत होता. मारणार कुणाला? एकाने प्रेमाने दिलं, दुसऱ्याने प्रेमाने घेतलं, आणि माझा संसार त्यात बसला.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं आणि विचारलं, वेळच्या वेळी घेतलं असतं तर? त्या म्हणाल्या, "हे टळलंच असतं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण धोका नक्कीच कमी झाला असता." तो "नक्कीच" अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

आता हे घरीच असतात. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी धाप लागते. इंजेक्शन मीच टोचते, पेन कुणाच्या हातात देत नाही. परवा टोचून झाल्यावर ह्यांनी माझा हात धरला.

"रागावणार नसशील तर एक सांगू?" आणि सगळं सांगून टाकलं, शाळेतल्या पोरासारखं डोळे मिचकावत. "काल धाकट्याने त्याचा रिपोर्ट दाखवला. एकदम झकास! आता माझं काही का होईना, त्याला वाचवलं मी."

किती दिवसांनी ह्यांचा चेहरा असा फुललेला पाहिला. मी आयुष्यात कुणाचं काही ऐकून घेतलेलं नाही, मनात आलं की तोंडातून गेलंच. अहो, त्यांना गरजच नव्हती, हे अगदी ओठांवर आलं. हे माझ्याकडे बघत होते, मी शाबासकी देईन म्हणून.

"वाचवलंत हो," मी म्हटलं. "तुम्ही नसता तर त्यांचं काही खरं नव्हतं."

हे हसले, हसता हसता धाप लागली. मी पाठ चोळत राहिले. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "मग पुढचं त्याला दे हं. त्याचं मध्येच बंद पडायला नको."

"देते," मी म्हटलं.