देवळीतल्या काश्मीरचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, आणि जुना असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. माझ्यावर काश्मीर रंगवलेले आहे. लोक मला खोटा म्हणतात. म्हणोत बापडे. मी कापडाचा आहे हे मी कधी लपवले नाही. लपवले ते माणसांनी, आणि बोल मात्र मला लागला. म्हणून आज माझी बाजू तुम्हाला ऐकावीच लागेल.

माझा जन्म १९९२ सालचा. वर्ध्याजवळच्या देवळीत हरिदासने बसस्टँडपाशी फोटो स्टुडिओ काढला आणि पडद्यासाठी मांजरपाटाचे जाडजूड कापड विकत आणले. रंगवायला बोलावले तानबा पेंटरला. तानबा दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरवरची नावे रंगवायचा. नागपूरच्या पलीकडे तो कधी गेला नव्हता. एका कॅलेंडरवरचे चित्र समोर ठेवून त्याने बारा दिवस खपून मला घडवले. तळे, होडी, डोंगर सगळे जमले, बर्फ मात्र जमेना. बर्फ झाडावर कसा बसतो हे देवळीत विचारायचे तरी कोणाला? शेवटी जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग पडतात, तसा त्याने बर्फ काढला. तळे म्हटले की बगळा हवाच, म्हणून डावीकडे एका पायावर उभा असलेला एक बगळाही काढला. खऱ्या काश्मीरच्या तळ्यात असा बगळा असतो की नाही, मला ठाऊक नाही. माझ्यात आहे, आणि तो मला शोभतो.

पहिली दहा वर्षे माझा थाट होता. बाजाराच्या दिवशी माझ्यापुढे रांग लागायची. नवी जोडपी यायची, बारशाची बाळे यायची, सुट्टीवर आलेले फौजी यायचे. एकदा धुरपताबाई नावाची म्हातारी भाजीची टोपली बाहेर ठेवून माझ्यापुढे उभी राहिली आणि पदर अंगभर घट्ट लपेटून घेतला. हरिदासने कारण विचारले, तेव्हा तिने गंभीर चेहऱ्याने सांगितले की थंडी वाजते आहे. सगळा स्टुडिओ हसला. मित्रांनो, त्या फोटोने कोणाची फसवणूक झाली? कोणाचीच नाही. पडदा आहे हे तिला ठाऊक होते आणि फोटो पाहणाऱ्यालाही ठाऊक होते.

मग दिवस पालटले. लोकांना पासपोर्टच्या मापाचे फोटो हवे झाले आणि हरिदासने साधा निळा पडदा आणला. मला गुंडाळून कोपऱ्यात उभे केले. उंदरांनी माझा खालचा काठ कुरतडला. निळ्या पडद्यावर ना झाड ना पाखरू, तरी त्याचा मान माझ्यापेक्षा मोठा झाला. मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

२००५ साली हरिदासने स्टुडिओत कॉम्प्युटर घेतला. इंटरनेटवर लग्न जुळवण्याच्या साइट निघाल्या होत्या. गावातल्या मुलामुलींची माहिती भरून देणे आणि फोटो चढवणे हा त्याचा नवा धंदा झाला. त्या साइटवर एक सूचना होती, की फिरायला गेल्याचा फोटो टाकला तर जास्त लोक विचारणा करतात. हरिदासने ती मोठ्याने वाचली आणि मग त्याची नजर कोपऱ्यात माझ्याकडे वळली.

मला झटकून पुन्हा टांगले. हरिदासने एक लाल स्वेटर आणून ठेवला. देवळीतल्या ज्या मुलीचे नाव साइटवर चढवायचे, तिला तो स्वेटर घालायचा आणि माझ्यापुढे उभे करायचे. मे महिना होता. घाम पुसून, पावडर लावून फोटो निघायचा आणि खाली हरिदास टाइप करायचा, 'काश्मीर येथे सहलीला'. एकच स्वेटर, एकच बगळा आणि मुली चार. हरिदासला वाटे, एवढे बारकाईने कोण बघते?

त्या चौघींत मयुरी होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिचे वडील लहानूभाऊ पोस्टमन होते आणि वर्षभरात निवृत्त होणार होते. मयुरी सत्तावीस वर्षांची झाली होती. नोकरी सोडणार नाही ही तिची अट ऐकून तीन स्थळे परत गेली होती. मुलीचे लग्न आपल्या नोकरीत असतानाच व्हावे, हा ध्यास लहानूभाऊंनी घेतला होता. हरिदासने फोटोखाली काश्मीर लिहिले, ते मयुरीला खटकले होते. पण वडिलांच्या तोंडाकडे पाहून ती गप्प राहिली.

आणि स्थळ आले. सिंदी रेल्वेचा अनुप, वर्ध्याच्या बँकेत कारकून. त्याच्या घरच्यांना मुलीची नोकरी चालणार होती. साइटवर त्याचाही फोटो होता, चिखलदऱ्याच्या दरीपाशी लाल मोटारसायकलला टेकून उभा असलेला. लहानूभाऊ तो फोटो पाहायला दोनदा स्टुडिओत आले. दुसऱ्यांदा त्यांनी सोबत पेढे आणले होते.

पाहण्याच्या दिवशी अनुप आपल्या काकांबरोबर रिक्षाने आला. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, करड्या शिस्तीचे. लहानूभाऊंच्या घरी चहा झाला आणि काकांनी खिशातून चार कागद काढले. त्यांनी साइटवर देवळी नाव टाकून शोधले होते. चार मुली, चौघींच्या अंगात तोच स्वेटर, चौघींच्या कानाशी तोच बगळा. लहानूभाऊ गडबडले आणि शाळेची सहल गेली होती असे सांगून बसले. काका म्हणाले, चला, कोणत्या गाडीने गेली होती ते फोटोवाल्यालाच विचारू. स्टुडिओ दोन गल्ल्या पलीकडे. सगळे तसेच उठून माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

काकांनी माझ्या बगळ्यावर बोट ठेवले. हरिदास खाली बघू लागला. लहानूभाऊंनी मयुरीला डोळ्यांनी विनवले, सहलीचे हो म्हण. एका 'हो'वर सगळे निभावले असते. ते स्थळ हातचे जाऊ नये म्हणून त्या बापाचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते मी समोरून पाहिले.

मयुरी म्हणाली, "मी काश्मीर पाह्यलं नाई. ते नाव मी लिवलं नाई, पण वाचून गप्प राह्यली, हे माही चूक हाये. मी रोज एसटीनं फाट्यापर्यंत जाते अन् तिथून सायकलनं शाळेत जाते. मले फिरायले आवडते, हे खरं हाये. फिरायले भेटलं नाई, हेबी खरं हाये."

मग तिने अनुपकडे वळून शांतपणे विचारले, "तुमच्या फोटोतली मोटारसायकल कोणाची हाये?"

काका चटकन म्हणाले, घरची. अनुपने एकदा माझ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "मित्राची हाये. मले चालवताबी येत नाई."

काकांचा चेहरा लाल झाला. पुतण्याचा दंड धरून ते बाहेर पडले. रिक्षा गेली, स्थळ गेले. लहानूभाऊ बाकावर बसून राहिले. पुढे आठ दिवस ते लेकीशी बोलले नाहीत, असे हरिदासकडूनच कानावर आले.

दुसऱ्या दिवशी हरिदासने सगळा राग माझ्यावर काढला. याच्यापायी गावात नाक कापले गेले, आता याचे तुकडे करून सोयाबीनच्या पोत्यांवर झाकतो, असे म्हणत त्याने मला खाली ओढले आणि कात्री घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! एवढ्यात मयुरी आली. शाळेतून तशीच आली होती, चपला धुळीने भरलेल्या. तिने माझा काठ हातात धरला.

"पडद्याले काऊन कापता, हरिदासभाऊ? लिवलं तर तुमी."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कोणी न्याय दिला. तिने मला पुन्हा टांगायला लावले आणि हरिदासला कॉम्प्युटरपुढे बसवून चारही मुलींच्या फोटोंखालचे काश्मीर पुसायला लावले. मग स्वतःचा नवा फोटो चढवायला लावला. मी तो लटकल्या जागेवरून नीट पाहिला. कापसाच्या वावरांमधला रस्ता, सायकल, पाठीला वह्यांची पिशवी, केस विस्कटलेले आणि चेहरा मोकळा. डोंगर मागे मोठा असला की माणूस मुंगीएवढा दिसतो. इथे रस्ता छोटा होता आणि मयुरी पूर्ण दिसत होती. खाली तिने लिहिले, 'शाळेकडे जाताना, रोजचा रस्ता.' त्या फोटोवर विचारणा थोड्याच आल्या. पण ज्या आल्या, त्यांनी तिच्या शाळेबद्दल विचारले. स्वेटरबद्दल कोणी विचारले नाही.

तिसऱ्या आठवड्यात अनुपचा निरोप आला. त्यानेही फोटो बदलला होता. सिंदीच्या फलाटावर हातात डबा घेऊन तो पॅसेंजरची वाट पाहत होता, आणि खाली लिहिले होते, 'रोज याच गाडीने वर्ध्याला जातो.' काका अजून रागावलेले आहेत, पण मी येऊ का, असे त्याने विचारले होते. मयुरीने तो निरोप आधी लहानूभाऊंना वाचून दाखवला. पोस्टात जन्म घालवलेल्या त्या माणसाने तो दोनदा वाचायला लावला आणि मग डोळे पुसले. लग्न लहानूभाऊंच्या निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी झाले. दोन महिन्यांनी कोणाचे काही बिघडले नाही.

लग्नानंतर दोघे फोटोला आले. हरिदासने निळा पडदा पुढे केला. मयुरीने तो बाजूला सारला आणि माझ्यापुढे उभी राहिली. काका सोबत होते. ते आधी पुटपुटले, मग स्वतःहून चौकटीत येऊन बगळ्याजवळ उभे राहिले. त्या फोटोच्या मागे मयुरीने शाईने लिहिले आहे, 'देवळी, हरिदासचा स्टुडिओ, पडद्यापुढे.'

मित्रांनो, मला बिचारा म्हणू नका. माझा रंग उडाला आहे, काठ कुरतडलेला आहे, पण कोणाच्या तोंडून मी खोटे वदवलेले नाही. घरात माझ्यासारखा एखादा पडदा असेल तर त्याला उंदरांपासून जपा, पोत्यांवर झाकू नका. हौसेने त्याच्यापुढे उभे राहा, खुशाल थंडी वाजल्याचे सोंग करा. फक्त कोणी विचारले, हे कुठले, तर मान खाली घालू नका. आपल्या गावचे म्हणा. माझ्यापुढे उभे राहिलात, तर देवळीचे म्हणा.