ऐकत नाही

मुख्याध्यापकांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाल्यापासून सगळी शाळा त्यांना पाठीमागे ‘आदर्श’ म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. शाळा निवासी, आदिवासी मुलांची. दोनशे बारा मुलं डोंगरातून खाली आणून ठेवलेली. या मुलांना प्रवाहात आणायचंय, असं आदर्श सर प्रत्येक भाषणात सांगत. शाळेच्या सिस्टरचं मत असं की, प्रवाह कधीच आला होता. तो मुलांच्या कानांतून वाहत होता. पण त्याच्याजवळ जायचं तर नाकाला रुमाल लावावा लागतो, आणि रुमाल लावून भाषण करता येत नाही.

शुक्रवारी दुपारी आदर्श सर स्वतः दवाखान्याच्या खोलीत आले. एक कपाट, एक स्टूल आणि नेहमी दोन किलो जास्त दाखवणारा वजनकाटा एवढ्याच त्या खोलीत सर पाय ठेवत नसत, म्हणजे काम त्यांचं होतं.

“सिस्टर, एवढी एक सही ठोका.”

अर्ज चौथीतल्या एका मुलीचा होता. वय नऊ. सोमवारी शहरातून मंदबुद्धी मुलांच्या वसतिगृहाची बस येणार होती आणि ही मुलगी तिच्यात बसणार होती. त्या वसतिगृहातून साध्या शाळेत परत आलेलं मूल आजवर कुणी पाहिलं नव्हतं. चौथीला बाहेरची परीक्षा असते. निकाल शंभर टक्के लावण्याचा एक हमखास उपाय म्हणजे नापास होणाऱ्याला परीक्षेपर्यंत पोचूच न देणं. अर्जाच्या शेवटी छापलं होतं, ‘कान व डोळे तपासले, दोष नाही.’ खाली सिस्टरच्या सहीची जागा रिकामी.

“कान तपासले कुणी?”

“मागच्या महिन्यात डॉक्टर आले नव्हते का? दोनशे बारापैकी दोनशे बारा ठणठणीत.”

डॉक्टर आले होते. दोन तासांत सगळी शाळा उरकून गेले होते. मूल समोर उभं करायचं, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारायचं, “ऐकू येतं का रे?” मूल मान डोलवायचं. पुढचा. मान डोलावली की सुटका होते, हे या शाळेत पहिलीतलं पोर पहिल्या आठवड्यात शिकतं. कित्येकांचं शिक्षण तेवढ्यावरच पूर्ण होतं.

“अर्ज ठेवून जा,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी मुलीला बोलावलं. सोबत सातवीतली तिची ताई आली. धाकटीचं काहीही असलं तरी तीच बोलायची. सिस्टरनी मुलीचा कान मागे ओढून बॅटरी मारली. आत पू. कापसाने तो टिपून घेतल्यावर पडद्याला भोक दिसलं, डाळीच्या दाण्याएवढं. दुसऱ्या कानात त्याहून मोठं.

“हिला दुखतं का गं?”

“आता नाही. आधी रडायची. मग कान फुटला, मग थांबलं.”

“कुणाला सांगितलं नाहीस?”

ताई गोंधळली. “काय सांगायचं? कान सगळ्यांचाच फुटतो. दात पडतात तसा.”

“दात परत येतात, बाळा.”

“कान नाही येत?”

सिस्टरनी पू लागलेला कापूस बादलीत टाकला. अर्ज घेऊन त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. तिथे चौथीच्या बाई बसल्या होत्या. या बाईंकडे ही मुलगी पहिलीपासून होती, म्हणजे एका वर्गाचं नुकसान चारही वर्षं एकाच हातात होतं.

“सिस्टर, तुम्ही तिला वर्गात बघितलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “हाका मारा, ढिम्म. उभी राहा म्हटलं की आधी शेजारणीकडे बघणार, ती उठली की ही उठणार. अक्कल नाही, नुसती नक्कल.”

“तिचं प्रगतिपुस्तक बघू.”

शेऱ्यांच्या रकान्यात बाईंचं वळणदार अक्षर होतं. पहिली: ऐकत नाही. दुसरी: सांगूनही ऐकत नाही. तिसरी: अजिबात ऐकत नाही. चौथी, पहिलं सत्र: कितीही ओरडलं तरी ऐकत नाही. प्रत्येक शेऱ्याखाली बाईंची सही, सहीवर मुख्याध्यापकांचा शिक्का. बहिरेपण कसं वाढत गेलं याची इतकी चोख नोंद कुठल्या तज्ज्ञानेही ठेवली नसती.

“बाई, चार वर्षं तुम्ही लिहिताय की हिला ऐकू येत नाही.”

“छे! मी लिहिलंय, ऐकत नाही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे… ऐकत नाही. उद्धट आहे.”

“शब्दांचा कीस काढू नका,” आदर्श सर म्हणाले.

“नाही काढत. वर्गात चला.”

सिस्टरनी चौथीच्या चौतीस मुलांना मागच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले. न ऐकणाऱ्यांचे डोळे त्यांनी हाताने मिटवले. मग दारात जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “जेवायला चला.”

तेवीस मुलं सुसाट बाहेर गेली. अकरा भिंतीपाशी तशीच उभी राहिली. त्यांत ती मुलगीही होती. जेवण सोडून उभं राहणारं मूल या शाळेत आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“बघा,” आदर्श सर खूश होऊन बाईंना म्हणाले, “याला म्हणतात शिस्त.”

मग सिस्टरचा चेहरा बघून त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्यांनी दार लोटून घेतलं.

“सिस्टर, अकरा म्हणू नका हं. एखादं मूल ठीक आहे. अकरा म्हणजे चौकशी लागते.”

“मग सही नाही.”

“मला वर कळवावं लागेल.”

“कळवा. मी प्रगतिपुस्तक जोडते. शिक्का तुमचाच आहे.”

शिक्क्याचं नाव निघताच सरांनी कानांवर हात ठेवले. मला यातलं काही माहीत नव्हतं, शेरे बाईंचे, तपासणी डॉक्टरांची, मी फक्त शिक्का मारतो. हे मात्र ते अगदी खरं बोलले.

सोमवारी बस आली. ड्रायव्हर अर्ज वाचणारा निघाला, अशी माणसं क्वचित असतात.

“इथे सही नाही. नेता येणार नाही.”

“अहो, घेऊन जा,” आदर्श सर म्हणाले. “सही मागाहून पाठवतो.”

“मग मुलगीही मागाहून पाठवा,” ड्रायव्हर म्हणाला आणि बस वळवून निघून गेला.

सिस्टरनी कापसाच्या वाती वळल्या, दोन्ही कान कोरडे केले, थेंब घातले. पू पंधरा दिवसांत थांबणार होता. पडद्याचं काम मोठ्या दवाखान्यात होणार होतं, आणि तिथली तारीख तिथल्या लोकांच्या लहरीवर. तोवर त्यांनी मुलीचं दप्तर उचललं आणि चौथीच्या पहिल्या बाकावर, हुशार म्हणून ठेवलेल्या मुलाच्या शेजारी नेऊन ठेवलं. बाई फळ्याकडे तोंड करून शुद्धलेखन सांगत होत्या.

“बाई, फळ्याला नको, हिला सांगा. तोंड दिसलं तर निम्मं कळेल तिला.”

“मग मी फळ्यावर लिहू कधी?”

“आधी बोला. मग लिहा.”

नवऱ्याने भर पाहुण्यांत चहा टाकायला सांगावा, तशा चेहऱ्याने बाई वळल्या आणि वाक्य पुन्हा म्हणाल्या. मुलीने त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहिलं, मान खाली घातली, लिहिलं. बाईंनी वही ओढून घेतली. एक काना राहिला होता. बाकी सगळं बरोबर होतं.

“शेजारच्याचं बघून लिहिलं असणार,” बाई म्हणाल्या.

शेजारच्याच्या वहीत पाच चुका होत्या.