फट मिटवायची कशी

“बाई, चार मितींचा ठोकळा ठेवायला कपाट केवढं लागेल?”

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून भिंगरीने भर तासाला हे विचारलं. वर्ग खो खो हसला. तिला फिकीर नव्हती. दुसऱ्या दिवशी विषयनिवडीचा अर्ज द्यायचा होता आणि त्यात गणितावर काट मारायचं घरी ठरलंच होतं. दर परीक्षेआधीची तिची रडारड पाहून आईबाबाच म्हणाले होते, सोड बाई एकदाचं. तेव्हा जाता जाता गंमत, एवढंच.

गणिताच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, कपाटाचं मागाहून बघू. आधी पुठ्ठ्याचे तीन चौकोन एका कोपऱ्याला जोड, उरलेली फट न भरता मिटव. मग तेच तीन खोक्यांचं करून बघ.

बाबा फरशी बसवणारे. फट दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. संध्याकाळी घरी तिचा पुठ्ठा बघताच त्यांनी सांगितलं, एक फरशी कमी पडली गं तुला.

“भरायची नाही बाबा, मिटवायची,” म्हणत तिने फटीच्या दोन्ही कडा जवळ ओढल्या. सपाट पुठ्ठा जमिनीवरून उठला आणि खोक्याचा कोपरा होऊन उभा राहिला. बाबांनी तो दोनदा उलगडून पाहिला.

मग तीन चौकोनी खोके एका उभ्या कडेला भिडवले. बरोबर एका खोक्याची जागा उरली. बाबांनी सवयीने चौथा उचललाच होता, पण तिने तो खाली ठेवायला लावला. दोघांनी दोन बाजूंनी रेटून पाहिलं. खोके चेपले, फट काही मिटेना.

“पुठ्ठ्याला वर जायला वाट होती,” बाबा धापा टाकत म्हणाले. “ह्यांनी वळायचं कुठे?”

भिंगरी जागीच थबकली. पुठ्ठा वळला तो तिसऱ्या दिशेला. खोक्यांना चौथी हवी. ती मिळाली तर हे तिन्ही मिळून त्याच ठोकळ्याची एक कड होतील, ज्याला ती सकाळी कपाट शोधत होती. डोळ्यांना दिसत नव्हता, पण कसा वळेल ते तिला पक्कं कळलं होतं. गणितातलं काही असं न रडता कळायची ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात आई अर्ज घेऊन आली. गणितावर काट मारलीस का, म्हणजे मी सही करून मोकळी होते, म्हणाली.

“आई, बाबा, मी गणित सोडणार नाही,” भिंगरी म्हणाली. “रडत रडत का होईना, घेणार. आणि बाबा, मी जेवून येईपर्यंत ती फट भरायची नाही.”