मोठ्यांचा दवाखाना

अठरा पूर्ण झाली की मुलांच्या दवाखान्याचं दार बंद. नियम म्हणजे नियम. शेवटच्या दिवशी बटणचे पाय त्या छोट्या पलंगाबाहेर लोंबत होते, भिंतीवर रंगवलेले मासे तिच्या कमरेशी आले होते, तरी सिस्टर तिचा गाल ओढत होत्या. केक कापला, म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्हाला रस्त्यापलीकडच्या मोठ्यांच्या दवाखान्यात ढकलून मंडळी मोकळी झाली. हिच्या बाबांना माझं हे बोलणं आवडत नाही. ढकललं नाही, पाठवलं, म्हणतात. मला त्यातला फरक अजून कळलेला नाही.

बटण म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. मी कपड्यांचं अल्टरेशन करते, आणि ही जन्मली ती एवढीशी, गोल, म्हणून बाबांनी लाडानं ठेवलेलं नाव. आजार तिचा सांगायला सोपा. रोगाशी लढायला रक्तात जी प्रतिद्रव्यं लागतात, ती तिचं शरीर बनवतच नाही. लहानपणी पाठोपाठ दोन न्यूमोनिया झाले, अगदी मरणाच्या दारातून परत आली, तेव्हा कुठे हे निदान झालं. तेव्हापासून दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं शिरेतून चढवायची. दिवसभर पडून राहायचं. तिच्या सगळ्या फ्रॉकच्या बाह्या मी उसवून त्यांना टिचबटणं लावली होती, म्हणजे सुई टोचताना कपडा काढायला नको.

डॉक्टरांनी "काय म्हणतेस?" विचारलं की बटण माझ्याकडे बघायची आणि मी सांगायची. खोकला, कान, पोट, झोप, सगळं मला तोंडपाठ. ताप तर मला थर्मामीटरच्या आधी कळायचा. कपाळाला हात लावला की झालं.

मोठ्यांच्या दवाखान्यात बसायच्या खोलीत सगळे आमच्याहून म्हातारे. एक आजोबा बटणच्या शेजारी बसून मनसोक्त खोकत होते. मी तिला ओढून खिडकीपाशी उभं केलं, तर ती म्हणाली, "आई, लोक बघतायत." बघू देत. लोकांच्या बघण्यानं न्यूमोनिया होत नाही.

आत डॉक्टर तरुण होता, लांब मानेचा, आवाज मऊ. मी तोंड उघडणार तोच म्हणाला, "आता पेशंटला बोलू द्या. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी बटणकडे पाहिलं. तिनं मान हलवली. जा, अशी. मी बाहेर येऊन बाकावर बसले. आतून हसण्याचा आवाज आला. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे ती कधी हसली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं आणि उगाचच राग आला.

बाहेर आली ती उजळलेला चेहरा घेऊनच. "आई, रिपोर्ट नॉर्मल आहे. ते म्हणाले, निदान फार जुनं आहे, औषध काही महिने बंद ठेवून परत तपासू. कदाचित मला आता लागतही नसेल."

 मी तशीच दार ढकलून आत गेले. "डॉक्टर, औषध चालू आहे म्हणून रिपोर्ट नॉर्मल आहे. तिचं स्वतःचं त्यात काही नाही."

"शक्य आहे," तो शांतपणे म्हणाला. "तेच तर बघायचंय. तिला सगळे धोके समजावलेत. काही त्रास वाटला तर तिनं लगेच फोन करायचा. आणि हा निर्णय तिचा आहे. ती आता सज्ञान आहे."

बटण माझ्या मागे उभी होती. "आई, प्लीज. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी विचारलंय."

 मी तिला घेऊन घरी आले.

घरी हिच्या बाबांनी तिची बाजू घेतली. त्यांनाही आशा होती हो, ती मला दिसत होती, म्हणून तर मला जास्त संताप आला. जेवताना त्यांनी तह करून दिला: आता तिच्या कपाळाला हात लावायचा नाही. खोकली तर विचारायचं नाही. तिचं शरीर, ती सांगेल. बटण म्हणाली, "बघ हं आई, कबूल केलंयस." मी कबूल केलं. शब्दाची मी पक्की, हीच तर खोड.

आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीचे दिवस चांगले गेले. तिला एका पाळणाघरात काम मिळालं. दिवसभर शेंबड्या पोरांच्या गराड्यात. घरी आली की त्यांच्या गमती सांगताना दम लागेपर्यंत हसायची. स्वतःच्या पैशांनी एक पिवळा ड्रेस आणला, एकही टिचबटण नसलेला. मला म्हणाली, याला हात नाही लावायचा. आरशासमोर ती गिरकी घेत होती तेव्हा मला वाटलं, असेल, डॉक्टरचंच बरोबर असेल. आई झाले म्हणून मला सगळं कळतं असं थोडंच आहे.

मग एके दिवशी तोच ड्रेस घेऊन आली. "कमरेत जरा आत घे ना." मी आत घेतला. काही दिवसांनी पुन्हा आली. माप घेताना टेप सैल पडली. मी तहातला शब्द सांभाळून, कपड्याबद्दल बोलावं तसं म्हटलं, "खूपच ढिला झालाय की गं."

"पोरांच्या मागे धावते ना दिवसभर."

बाथरूममध्ये ती नळ सोडून खोकते हे मला कळत होतं. एवढं पाणी कोण वाया घालवतं? मी मोठ्यांच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, पेशंटनं स्वतः फोन करावा लागेल, आम्ही नातेवाइकांशी बोलू शकत नाही. मुलांच्या दवाखान्यात केला. सिस्टरांनी आवाज ओळखला, बटण कशी आहे विचारलं, सगळं ऐकून घेतलं. "ताई, ती आता आमच्याकडची पेशंट नाही. इथे आणलीत तरी दारातून परत पाठवतील. तिला तिकडेच न्या, पण न्या." एका दवाखान्याला ती मोठी झाली होती म्हणून नको होती, दुसऱ्याला मी.

मी बटणपुढे फोन ठेवला. "कर."

"कशाला? साधी सर्दी आहे. आई, तू कबूल केलं होतंस."

बाबा म्हणाले, "दोन दिवस बघू या." आम्ही बघितलं. मी मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करत होते आणि माझे हात तिच्या कपाळाकडे धाव घेत होते, ते मी मांडीखाली दाबून बसत होते. असला मूर्खपणा जगात कुठल्या आईनं केला नसेल.

तिसऱ्या दिवशी पाळणाघरातून फोन आला. पोरं झोपली होती, ही त्यांच्यातच भिंतीला टेकून बसली होती, आणि उठेचना.

अँब्युलन्समध्ये मी तह मोडला. कपाळ तव्यासारखं तापलेलं. मी ओरडले, "अगं, एवढा ताप अंगात घेऊन तू कामाला जात होतीस? सांगितलं का नाहीस?"

मास्कच्या आतून ती म्हणाली, "मला कळलंच नाही गं. ताप आलाय हे मला नेहमी तूच सांगायचीस."

मला वाटत होतं ती लपवतेय. ती लपवत नव्हती. खोकल्याचं ती लपवत होती, तेही माझी कटकट नको म्हणून. पण आपण किती आजारी आहोत हे तिला ठाऊकच नव्हतं. फोन कधी करायचा हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं, ना त्या मासेवाल्या दवाखान्यानं, ना लांब मानेच्या डॉक्टरनं, ना मी.

तिचा जीव वाचला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग गेला. तो परत येत नाही, असं नव्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं; लांब मानेचा डॉक्टर बदलून गेला होता. औषध पुन्हा सुरू झालं, आता जन्मभर. पाळणाघरात तर पाऊल टाकायचं नाही. जिना चढताना तिला आता मधे थांबावं लागतं. हिचे बाबा दवाखान्यात आल्यापासून खुर्चीत बसून होते. मी त्यांच्याशी बोलले नाही. कधी बोलेन माहीत नाही.

तिला आयसीयूतून खोलीत हलवलं त्या सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. वयानं पोक्त, समजूतदार बाई. स्टूल ओढून बटणच्या तोंडासमोर बसल्या. म्हणाल्या, "मला तुझ्याकडून ऐकायचंय. अगदी पहिल्यापासून. घाई नाही." मी पर्स उचलली आणि दाराकडे निघाले. एवढं शिकले होते मी.

"आई, थांब."

मी वळले. बटणनं चादर हनुवटीपर्यंत ओढली होती. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही.

"तू सांग," ती म्हणाली. "मी बोलले की असं होतं."

मी म्हटलं, अगं, तसं नसतं. डॉक्टरीणबाईंनीही म्हटलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पर्स खाली ठेवली, पलंगाच्या कडेला बसले आणि सांगायला लागले. पहिला न्यूमोनिया, दुसरा न्यूमोनिया, कान, पोट, झोप. मला सगळं तोंडपाठ होतं.