वाढीव चार बोटं

झाडं पाडून आठ दिवस झाले तरी ओंडके परसात तसेच पडून होते, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं काय करायचं ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. नवऱ्याला त्यांचं जेवणाचं टेबल करायचं होतं. त्याने आयुष्यात एकच खिळा ठोकला आहे आणि त्या खिळ्यावर काही टांगायला आम्ही अजून धजत नाही. शेजारचे काका म्हणाले, जाळायला उत्तम, मी नेतो सगळे, तुम्हाला कशाला त्रास. परोपकाराची त्यांना अशी मधूनच उबळ येते.

मला ते फक्त तिथे नको होते. गोल वस्तू म्हटली की ती घरंगळणार आणि घरंगळेल ती आमच्या ठकीच्याच अंगावर, असं माझं डोकं चालतं. ठकी साडेतीन वर्षांची आहे. मी प्रत्येक ओंडक्याला दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, वरून हिरवी जाड ताडपत्री घातली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने सगळं आवळून टाकलं. सासरे खिडकीतून बघत होते.

"पळून जाणार होते का गं ते?" एवढंच म्हणाले.

तेवढं तरी म्हणाले, म्हणून मला बरं वाटलं. कारण आठ दिवसांत माझ्याशी बोललेलं ते त्यांचं पहिलं लांब वाक्य होतं.

सासऱ्यांना ठकीमुळे आम्ही सगळेच आबा म्हणतो. आबा शिंपी. पन्नास वर्षं दुकान चालवलं. आता दुकान नाही, पण मशीन आहे आणि गळ्यात मापाची फीत आहे. ती ते फक्त आंघोळीपुरती काढतात. परसात तुतीची दोन झाडं होती. त्यातल्या दुसऱ्या झाडाखाली रोज दुपारी चारला मशीन बाहेर यायचं आणि गल्लीतल्या उसवलेल्या खिशांची, बिघडलेल्या चेनची तिथे रीघ लागायची. ठकी पायाशी बसून चिंध्या गोळा करायची. तेवढा तास-दीड तास मला तिच्याकडे बघावं लागत नसे. मी बघायचे ती गोष्ट वेगळी.

मग एका वादळात पहिल्या झाडाची फांदी ठकीच्या आंघोळीच्या टबावर पडली. टबात कोणी नव्हतं. ठकी घरात होती, माझ्या कडेवर. पण त्यानंतर डोळे मिटले की मला ती त्या टबातच दिसायला लागली. मी म्हटलं, दोन्ही झाडं काढायची. नवरा म्हणाला, एक पुरे. मी म्हटलं, दुसऱ्याची हमी तू लिहून देतोस का? आबांना विचारलं तर ते म्हणाले, पोरीपेक्षा झाड मोठं नाही, काढा.

करवतवाला आला. पहिलं झाड आतून पोकळ निघालं, कोपरापर्यंत हात जात होता. मी सगळ्यांकडे वळून वळून पाहिलं. मग दुसरं आडवं झालं. बुंधा आतून पिवळाधमक, घट्ट, कुठे डाग नाही. करवतवाल्याने त्यावर थाप मारली आणि म्हणाला, हे अजून तीस वर्षं हललं नसतं. आबा शेजारीच उभे होते. त्यांनी गळ्यातली फीत सारखी केली आणि ते आत गेले.

त्या दिवसापासून मशीन आतल्या खोलीत, झाकण घालून. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या नणंदेला फोन केला. एक तारखेला येतो, थोडे दिवस, तुमच्या गॅलरीत सावली असते ना चारला. थोडे दिवस म्हणाले खरं, पण मी पडले बारीक नजरेची. त्यांनी मशीनचा पट्टा काढून, गुंडाळून बॅगेत ठेवला होता. खुर्चीवरची उशीसुद्धा. थोड्या दिवसांसाठी कोणी मशीनचा पट्टा नेत नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, तू पट्ट्यावरून कुठल्या कुठे जातेस. पण त्याचाही घास हातातच राहिला.

आबा जायला नको होते. ठकीसाठी नको होते आणि माझ्यामुळे तर मुळीच नको होते.

हाताला काम असलं की माणूस बॅग भरत नाही, असा मी हिशेब केला. आबांकडे जाऊन म्हटलं, दुसऱ्या झाडाच्या ओंडक्यांतून ठकीला आणि तिच्या मैत्रिणींना चार स्टुलं होतील आणि दोन ओंडक्यांवर फळी टाकून तुम्हाला एक बाक होईल. करवतवाला शनिवारी येतोय, पण त्याला माप कोण देणार?

"मी शिंपी आहे, सुतार नाही."

"माप ते मापच की, आबा. तुमच्या मुलावर सोडलं तर बाकाला एकच पाय येईल."

ते हसले नाहीत, पण त्यांचा हात फितीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठकीला अंगणात उभं केलं. फ्रॉकची सवय, तिने आपणहून दोन्ही हात पसरले. आबांनी गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, पुटपुटत आकडे पाठ केले आणि मला म्हणाले, सोड तुझे कैदी. मी दोरी सोडली, ताडपत्री घडी करून ठेवली. मग ते एकेका ओंडक्याला फीत गुंडाळत आणि खडूने रेघ मारत दुपारपर्यंत परसातच होते. मी आतून बघत होते. शिवतानाची नेहमीची शिट्टी नव्हती, पण तोंडाचा चंबू शिट्टीचाच होता.

शनिवारी आबा कात्रीला धार लावायला गेले आणि करवतवाला वेळेआधी आला. मी दारात ठकीचे कान दाबून उभी. त्याने यंत्र सुरू करायच्या आधी विचारलं, रेघेवरच कापायचं ना? औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तीन तीन वेळा वाचणारी मी, म्हटलं, हो, रेघेवर. प्रत्येक ओंडक्यावर दोन रेघा होत्या, एक ठसठशीत आणि एक पुसट, मध्ये चार बोटांचं अंतर. ते ना मी पाहिलं, ना त्याने. त्याने जी रेघ आधी दिसली ती कापली.

आबा परत आले तेव्हा सहा तुकडे ओळीत उभे होते. एक उंच, एक बुटका, दोन उंच, दोन बुटके. नवऱ्याने मोठ्या अभिमानाने दोन पायांवर फळी टाकून बाक तयार ठेवला होता. आबा एका टोकाला बसले आणि सावकाश, मान ताठ ठेवून, दुसऱ्या टोकाला पोचले. मागोमाग त्यांच्या चहाचा कपही आला.

ते उठले आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवत गेले.

"खालची रेघ आजच्या मापाची," ते म्हणाले. "वरची चार बोटं वाढीव. पोर वाढतं. मापात चार बोटं जास्त धरून आत दुमडायची, पुढच्या वर्षी उसवून सोडायची."

"लाकूड कसं उसवणार, आबा?" नवऱ्याने विचारलं.

आबा हातातल्या खडूकडे बघत राहिले. पन्नास वर्षांत त्या हाताने वाढीव धरल्याशिवाय माप काढलं नव्हतं, ते लाकडासाठी कसं थांबणार?

"आणि बाकालाही वाढीव?" मी म्हटलं. "तुम्ही अजून उंच होणार आहात का?"

आधी त्यांचे खांदे हलले. मग हसू असं फुटलं, की चष्मा काढून त्यांना डोळे पुसावे लागले. शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. त्यांना वाटलं, ओंडक्यांचा निकाल लागला.

हसणं ओसरलं आणि मला राहवेना. "आबा, दुसरं झाड मी उगाच पाडलं," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा घातला. "कात्री चुकीची पडली की शिंपी रडत बसत नाही. मोठ्याचा सदरा बिघडला तर त्यात लहानाचा निघतो का, ते बघतो." मग स्टुलांकडे हात करून म्हणाले, "आणि यात बिघडलंय काय? बुटकी या वर्षीची, उंच पुढच्या वर्षीची."

"मग पुढच्या वर्षी बसवून बघायला माप घेणारा इथे नको?"

ते वर बघत राहिले, जिथे फांद्या असायच्या तिथे. "चारला इथे सुई ओवता येत नाही गं. डोळ्यांपुढे नुसतं पांढरं होतं."

मी विटा गोळा करायला लागले. दोन विटा बाकाच्या बुटक्या पायाखाली सारल्या तर तो सरळ झाला. तिसरी ठेवायला वळले तेव्हा आबा ताडपत्रीच्या घडीपाशी उभे होते. तिची कड त्यांनी अंगठा आणि बोट यांत धरली होती, दुकानात ठाण उघडल्यावर धरायचे तशी.

"पन्हा काय हिचा?" त्यांनी विचारलं. म्हणजे रुंदी. मला कुठली ठाऊक. त्यांनी फीत काढली.

पहिल्या झाडाच्या चार लांब सरळ फांद्या अजून शिल्लक होत्या. त्यांचे खांब करायचं ठरलं. नवऱ्याने खड्डे गुडघाभर खणले, मी मांडीभर करून घेतले. प्रत्येक खांब तीनदा हलवून पाहिला आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून शेजारच्या काकांना लोंबकळायला लावलं. सरपण हातचं गेलेला माणूस, पण लोंबकळले बिचारे.

आतून आबांची हाक आली. "माझ्या बॅगेतला पट्टा आण गं. आणि जाड सुई बघ डबीत."

मी पट्टा आणला. उशीही आणली, न विचारता. त्यांनी ती पाहिली आणि खुर्चीवर ठेवली.

रविवारी चारला मशीन बाहेर होतं. वर हिरवी सावली, कडेने दुहेरी शिलाई, खांबांना बांधायला नाड्या. आबा फोनवर नणंदेला सांगत होते, की एवढ्यात जमत नाही, गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षीची तारीख दिली आहे. समोर ठकी बुटक्या स्टुलावरून उंच स्टुलावर पाय टाकत होती आणि मी हात पुढे करून तिच्याबरोबर सरकत होते.

"सोड तिला," आबा मशीन न थांबवता म्हणाले. "चार बोटंच तर आहेत."

मी हात खाली घेतला. पूर्ण नाही, चार बोटं.