तिन्ही नट सारखेच सैल

मंगळवार, दिनांक ९ एप्रिल १९७४. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. अक्कलकोटच्या रस्त्यालगत, बसवनवाडीच्या माळावर, एका जुन्या जीपपुढे त्र्याहत्तर माणसे रांगेत उभी होती. मोजणी मी स्वतः केली. जीप लष्कराच्या लिलावातली. तिचे कापडी पडदे खाली सोडून सुतळीने आवळलेले होते. इंजिन चालू होते, पण गाडी जागची हलत नव्हती.

बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला हिरव्या बांगड्या. चाकाशेजारी उभे राहून कोंडीबा महाराज रांगेला ऐकवत होते, "आई मोटारीत का बसली? अरं, काळ बदलला. वाघावर बसून जकात नाक्यावरनं कोन सोडतंय तिला? आत बसा, पडदा लावा, ईस मिनिटं. वरडनारं गप हुतंय, नाचनारं निजतंय. गोळ्याबिळ्या घरी ठिवून या. आईला डाक्टरचा वास चालत न्हाय."

त्याच वेळी सोजरबाई नावाच्या एका बाईला चौघांनी धरून आत बसवले. ती किंचाळत होती. वीस मिनिटांनी तिला उचलून बाहेर आणले तेव्हा मान खांद्यावर पडली होती आणि गाल गुलाबी झाले होते.

"बगा आईचं त्याज," महाराज म्हणाले. सोजरबाई भडाभडा ओकली. "आन् बगा, भूत भाईर पडलं." लोकांनी जमिनीला डोके टेकले.

सोलापुरातील एका तांत्रिक विद्यालयात मी सव्वीस वर्षे मोटारयंत्रे शिकवली. माझ्या कार्यशाळेतला शिपाई धोंडीराम रांगेत चौदावा होता. त्याच्यासाठीच मी आलो होतो. शेजारी त्याची मुलगी गोजरबाई, वय एकोणीस. तिला लहानपणापासून अपस्माराचे झटके येत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी सात महिने एकही झटका आला नव्हता. महाराजांच्या शब्दावरून तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या बंद झाल्या होत्या.

"धोंडीराम, गोळ्या सुरू कर," मी म्हणालो.

"मास्तर, गोळीनं झटका थांबतो, जात न्हाय. डाक्टरच म्हनला, जलमभर घ्या. जलमभर गोळ्या खानारी सून कोन करंल?"

"आणि इथे?"

"हितं सहाच मंगळवार की."

मी महाराजांना विचारले, "एवढे सामर्थ्य असताना आपण स्वतः आत का बसत नाही?"

"आईच्या मांडीला मांडी लावून कसा बसू मास्तर? तुमी बसत हुता का साहेबाच्या खुर्चीत?" रांग हसली.

पुढच्या मंगळवारी मी सर्वांदेखत यंत्र तपासण्याची परवानगी मागितली. नाही म्हणणे महाराजांना शोभले नसते. मी सायलेन्सरच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा दाबला. धुराची वाट बंद होताच, नळी इंजिनाला जोडलेली असते त्या सांध्यातून फुसफुस ऐकू आली. तिथले पॅकिंग जळाले होते, भोवती काजळी धरली होती. नेमके त्याच्या वर, गिअरच्या दांड्यापाशी, जीपच्या तळाला हात जाईल एवढे भोक होते. मग मी कार्बोरेटरमध्ये चमचाभर तेल सोडले. पांढरा धूर भोकातून वर चढला आणि पडद्यांच्या आत दाटला.

"एरवी हा वायू दिसत नाही," मी सांगितले. "तो रक्तात शिरला की प्राणवायूला जागा उरत नाही. आत बसलेला माणूस बरा होत नाही, गुदमरतो. गालावरची लाली त्या विषाची आहे."

सोजरबाईने हात जोडले. "आईनं धूप दिला," ती म्हणाली, आणि सगळी रांग हात जोडून उभी राहिली.

धोंडीरामने सवयीने पाने हातात दिले. मी नवे पॅकिंग घातले, सांध्याचे तिन्ही नट आवळले आणि नटावरून नळीवर जाईल अशी प्रत्येकी एक पांढरी रेघ रंगवली. नट हलला तर रेघ तुटेल.

तेवीस एप्रिलला जीपमध्ये कोणीही शांत झाले नाही. गोजरबाईला तर आतच झटका आला. "मास्तरनं आईचं तोंड बांधलं," महाराज म्हणाले. तीस तारखेला सांधा पुन्हा फुसफुसू लागला आणि महाराजांना नवे वाक्य मिळाले: "मास्तर बांधतो, आई सोडती." रांग दुप्पट झाली. म्हणजे माझी दुरुस्तीच आता चमत्काराचा भाग झाली होती.

उष्णतेने आणि हादऱ्यांनी नट सैल होतात, हा सर्वपरिचित दोष. मी इंजिनाखालचे झिजलेले रबर बदलले, नट पुन्हा आवळून रेघा जुळवल्या आणि प्रत्येक नटावर दुसरा नट चढवला. धोंडीरामला समजावले, "आता हे आपोआप सुटणार नाहीत. दोन पाने एकाच वेळी लागतील. एकाने आतला धरायचा, दुसऱ्याने वरचा फिरवायचा." त्याने लक्षपूर्वक ऐकले.

सात मेला सांधा पुन्हा सुटला होता. मी जीपखाली आडवा झालो. तिन्ही नटांवरच्या रेघा नेमक्या विरुद्ध बाजूला गेल्या होत्या. तिन्ही दीड-दीड आटा, म्हणजे दीड फेरा, मागे. आणि त्यांच्यावर दुसरे नट व्यवस्थित आवळलेले. उष्णता एक नट जास्त सोडते, एक कमी. ती तिन्ही सारखे सोडत नाही, आणि वरचा नट परत आवळून तर मुळीच जात नाही. हे दोन पान्यांचे काम होते.

मी महाराजांकडे पाहिले.

"माज्याकडं बगू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "मला पाना धरता आला आसता तर म्हाराज कशाला झालो आसतो? म्या बी समजत हुतो, आईच सोडती."

दोन पान्यांची रीत त्या माळावर मी एकाच माणसाला दाखवली होती. धोंडीरामला मी बाभळीखाली बाजूला घेतले.

"तू सोडलेस?"

"व्हय."

"विष आहे ते. तुझ्यासमोर दाखवले."

"तुमीच दावलं की, कुटनं येतंय ते. नट घट आसला की पोरगी तडफडती, सैल आसला की निजती. तेवीस तारखेला डोळ्यानं बगितलं न्हवं तुमी?"

"ती निजत नाही, बेशुद्ध पडते."

"गोळ्या बी जास्ती खाल्ल्या तर इषच की. म्हनून डाक्टर मोजून देतो. म्या बी मोजूनच सोडलंय, मास्तर. दीड आटा."

मी नट पुन्हा आवळले आणि त्याचे दोन्ही पाने काढून घेतले. पोलिसांत लेखी अर्ज दिला. हवालदाराने तो वाचून विचारले, "तक्रार कुनाची हाय? ज्याला गुन आला त्यो तक्रार कशाला करंल?"

चौदा मे, गोजरबाईचा शेवटचा मंगळवार. माझी एस.टी. अकरा वीसला पोचली. तिला चादरीवर निजवले होते. गाल गुलाबी होते. धोंडीराम टोपीने वारा घालत होता.

"निजलीया," तो म्हणाला.

मी मनगट धरले. बराच वेळ धरून ठेवले.

पंचनाम्यात नोंद झाली: इंजिन पस्तीस मिनिटे चालू, तिन्ही नट प्रत्येकी तीन आटे सैल. पाने कुठून आणले हे धोंडीरामने स्वतःच सांगितले, गावातल्या पंपदुरुस्तीवाल्याकडून. "दीड आट्यानं गुन यीना झाला हुता," तो म्हणाला. कार्यशाळेत झालेल्या कामाची खबर द्यावी तसा.

वाचकहो, दोष कुठे आहे ते मी दाखवले आणि माझे काम संपले असे समजलो. ते संपले नव्हते. धोंडीरामला यंत्र कळले होते. फक्त गप्प झालेले माणूस बरे झालेले नसते, एवढेच त्याला कोणी शिकवले नव्हते. मीही नाही. म्हणून विनंती आहे: गुण आला का, हे विचारण्याआधी शरीरात नेमके काय घडले, ते विचारा. ज्या उपायाजवळ उपाय करणारा स्वतः बसत नाही, तिथे आपले माणूस बसवू नका. आणि चालू औषध डॉक्टरांखेरीज कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.

जीप जप्त झाली. महाराजांच्या वहीत नावे होती. जूनमध्ये डॉक्टरांना सोबत घेऊन मी त्या प्रत्येक घरी गेलो. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळाले: धोंडीरामच्या पोरीला आईने जवळ बोलावले. एकूण घरे एकशे अठरा. औषध पुन्हा सुरू केलेली घरे तीन.