गळतीचा दुसरा तक्ता

(रकाने छापील आहेत. वेळ. किती प्यायलात. गळती झाली का. तेव्हा काय करत होतात. शेवटचा रकाना दोन बोटं रुंद आहे. पुरणार नाही, तेव्हा समासातही लिहिते.)

१०.५०
प्यायले: काही नाही. गळती: नाही.
काय करत होते: डॉक्टरांसमोर खोकत होते.

एकदा झोपून, दोनदा उभं राहून. नर्सने खाली कागद धरला होता, तो कोरडा ठणठणीत. एरवी असा कागद बघून मी सुटकेचा श्वास टाकला असता.

डॉक्टरांनी माझा पहिला तक्ता उघडला. तीन दिवस घरी भरायला दिलेला. मी तो शाईने, सुवाच्य अक्षरात भरला होता. गळतीच्या रकान्यात नाही, नाही, नाही. एका ठिकाणी ‘थोडी’ लिहून खोडलं होतं. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, मग तुम्ही इथे आलात कशाला? प्रश्न रास्त होता.

सहा वर्षं मी एक काम चोख करत आलेय, कुणाला कळू न देण्याचं. घरातून निघताना जाऊन यायचं. नव्या जागी पोचलं की आधी बाथरूम कुठे ते बघून ठेवायचं. दुपारनंतर पाणी बंद. आज सकाळीही सवयीने घोटभरसुद्धा घेतलं नाही आणि तपासणीच्या खोलीत शिरायच्या आधी, सवयीनेच, जाऊन आले. दाखवायला आले होते तेच टाकून आले.

डॉक्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, काही बायकांची गळती मूत्राशयाच्या घाईने होते. तिला लघवीची नळी आवळायचा हा इलाज लागू पडत नाही, कधी कधी त्रास वाढतो. खोकताना, उडी मारताना होते ती वेगळी.

“ती मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुमचं नाव इलाजाच्या यादीत घालणार नाही.”

त्या या इस्पितळात महिन्यातून एकदा येतात. एक वाजता निघतात.

मग त्यांनी हा कोरा तक्ता दिला. अर्धा लिटर पाणी प्या, तासभर बसा, अजिबात जाऊ नका, परत या. आणि या वेळी खरं लिहा.

११.००
प्यायले: दोन ग्लास, एका दमात.
गळती: नाही. काय करत होते: बाकावर बसले, मांडीला मांडी घट्ट.

शेजारी नणंद. नवऱ्याची मोठी बहीण, शिवणकाम करते. मला गाडी चालवता येत नाही आणि नवरा कामावर, म्हणून तिला आणलं. तिला सांगितलंय पाळीची तपासणी आहे. तिने पिशवीतून काज करायचं काम काढलं आणि एवढं पाणी कशाला ढोसतेयस म्हणून विचारलं. सोनोग्राफी, म्हटलं. खोटं माझ्या तोंडात तयारच असतं.

(तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवार, संध्याकाळी ५.२०)
ही ओळ पहिल्या तक्त्यात हवी होती. तारीख बसत नव्हती म्हणून लिहिली नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते. त्या उंच बारवर झोके घेतात, हात सोडतात, हवेत फिरतात. खाली मी उभी असते. चुकलं तर झेलायचं. एवढंच काम, पण त्यात अर्धा सेकंदसुद्धा उसना मिळत नाही.

त्या दिवशी टोळ सुटली. अकरा वर्षांची, पायांवरून पडलेलं नाव. मी पुढे झेप घ्यायची, आणि नेमकं तेव्हा खाली ऊन ऊन काहीतरी सुटल्यासारखं झालं. मी आवळून घेतलं. पाय जमिनीला चिकटले. हात पोचेपर्यंत ती मॅटवर मनगटावर पडली होती.

मनगटाच्या हाडाला भेग. हात तीन आठवडे पट्ट्यात. तिची आई म्हणाली, असं होतंच खेळात, मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. टोळ नुसती माझ्या हातांकडे बघत होती.

तेव्हापासून बारखाली सहायक उभी राहते. मी लांबून शिट्टी वाजवते.

११.२५
प्यायले: आणखी एक ग्लास.
गळती: नाही. काय करत होते: राजीनामा पर्समध्ये आहे का ते चाचपत होते.

आहे. घडी चार वेळा. आज यादीत नाव लागलं नाही तर चार वाजता हॉलवर जाऊन तो द्यायचा, हे ठरलंय. ज्या हातांचा भरवसा नाही ते हात घेऊन मी कुणाच्या पोरीखाली उभी राहणार नाही.

११.४०
प्यायले: नाही. गळती: नाही, पण थोडक्यात वाचले.
काय करत होते: न हसण्याची शिकस्त.

नणंद एका गिऱ्हाइकाचं सांगत होती. वर्षातून चारदा पँट कमरेत सैल करायला आणतो आणि दर वेळी म्हणतो, कापड आटलं. “मी म्हटलं, साहेब, कापड आटतंय आणि तुम्ही पसरताय, मधे मी एकटी बाई किती पुरी पडू?”

ताई, नका हो, म्हटलं. तिला वाटलं मला कौतुक वाटलं, म्हणून तिने दुसरं काढलं. मी छताकडे बघून सतराचा पाढा म्हटला.

१२.१०
प्यायले: आता जागा नाही.
गळती: नाही. काय करत होते: परत डॉक्टरांसमोर खोकत होते.

नाही. एवढी तुडुंब भरलेली, तरी नाही. खोकला यायच्या आधीच आतलं सगळं आपोआप आवळलं जातं. चार महिने फिजिओथेरपिस्टने तेच शिकवलं होतं, शिंकेआधी आवळा, उचलण्याआधी आवळा. व्यायामाने शिंक साधली, खोकला साधला. झेलणं काही साधलं नाही.

“सैल सोडा,” डॉक्टर म्हणाल्या.

सोडता येत नाही हो, म्हटलं. जागच्या जागी उड्या मारल्या. कागद कोरडा. नर्सने घड्याळाकडे बघितलं. बाहेर दोन बायका अजून बसल्या होत्या. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या महिन्यात बघू असं काहीतरी म्हणायला लागल्या. मला ते टोपण तेवढं ऐकू आलं.

मी म्हटलं, “खोकून होणार नाही. मला कुणालातरी झेलावं लागेल. बाहेर माझी नणंद आहे.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण परत काढलं. मग म्हणाल्या, हे कुठल्या पुस्तकात नाही, पण बोलवा.

१२.२५
नणंद आत आली तेव्हा मी इस्पितळाचा झगा घालून, पाय फाकवून फरशीवर उभी. कागद खाली पसरलेला. तिला सांगावं लागलं. दोन वाक्यांत सांगितलं, तिसरं सुचलं नाही. तपासणीच्या पलंगाला दोन पायऱ्यांचं स्टूल असतं, तिने त्याच्यावरून माझ्या अंगावर उडी मारायची.

तिने चपला काढल्या.

“अठ्ठ्याहत्तर किलो आहे मी,” ती म्हणाली. “आधीच सांगून ठेवते.”

नर्सने स्टूल धरलं. पहिल्या वेळी ती जिना उतरावा तशी उतरली. मी म्हटलं, ताई, उतरू नका. पडा. मला सांभाळू नका.

ती परत चढली. डोळे मिटले. आणि खरंच पडली.

गळती:

आधी हात गेले. हे लिहायलाच हवं. एक हात पाठीला, एक मांडीखाली, गुडघे वाकलेले, वजन माझ्या छातीवर. सगळं जिथल्या तिथे. आवळायचं राहूनच गेलं. मग पायांवरून ऊन धार खाली गेली. कागद फडफडला, मग भिजला.

गळती: हो.

नर्सने “दिसली” असं म्हणून वेळ टिपली. मी अजून नणंदेला धरून होते. ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “ट्रॅकपँटला दुहेरी अस्तर लावून घेतेस दर वेळी. घामासाठी म्हणतेस. पंचवीस वर्षं कपडे शिवतेय गं मी. तू सांगशील म्हणून थांबले होते.”

१२.५०
तक्त्याच्या तळाशी दोन चौकोन आहेत, दोन इलाजांचे. कोणता ते मी ठरवायचं.

एक, इंजेक्शन. जागा बधिर करून लघवीच्या नळीच्या बाजूंना जेलीसारखं औषध भरतात, नळी आतून आवळली जाते. पंधरा-वीस मिनिटं. थोड्या दिवसांत कामावर. गुण कमी, कधी विरतो, परत घ्यावं लागतं.

दोन, पट्टी. लहानशी चीर देऊन नळीखाली जाळीची पट्टी बसवतात, झोळीसारखी. बहुतेकींना संध्याकाळी घरी सोडतात. पण सहा आठवडे काही उचलायचं नाही, झेलायचं नाही. बऱ्याच जणींना गुण जास्त येतो. मात्र पट्टी जन्मभर आत राहते, थोड्या जणींना दुखणं मागे लागतं आणि मग ती काढणं सोपं नसतं. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जास्त सावकाश.

येताना माझं इंजेक्शन ठरलं होतं. गुणासाठी नाही. सहा आठवडे बारखाली का नाहीस याचं उत्तर कुणाला द्यावं लागू नये म्हणून.

मी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

३.५५
प्यायले: एक ग्लास, हॉलच्या दारातल्या नळाचं.
गळती: नाही. काय करत होते: संचालकांच्या टेबलासमोर उभी होते.

राजीनामा पर्समध्येच राहिला. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, त्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या रजेचा अर्ज दिला. कारण या शब्दापुढे कारण लिहिलं होतं, पूर्ण. त्यांनी वाचलं, कान लाल झाले, सही केली. तारीख बरोबर आहे ना, एवढंच विचारलं.

४.३५
टोळचं मनगट पट्ट्यातून सुटलंय. आज पहिला दिवस, लहान बार, साधा झोका. सहायक पुढे निघाली, मी तिला थांबवलं आणि खाली जाऊन उभी राहिले. टोळने वरून माझ्या हातांकडे बघितलं. बराच वेळ.

“सोड,” म्हटलं.

तिने सोडलं.

गळती: हो.
काय करत होते: झेलली.